भिंतीपलीकडचं उत्तर

काकूंनी एकदा काकांना दूध आणायला पाठवलं, तर काका उंटिणीचं दूध घेऊन आले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"तू दूध म्हणलीस," काका शांतपणे म्हणाले. "कुणाचं, ते म्हणलीस का? गाईचं तू गृहीत धरलंस. मग चूक कुणाची?"

काकूंनी त्याच दुधाचा चहा करून काकांपुढे ठेवला. पहिल्या घोटाला काकांचं तोंड वाकडं झालं, तशा काकू म्हणाल्या, "तुमी चहा म्हणलाव. चांगला चहा, असं म्हणलाव का?"

काकांनी कप शेवटपर्यंत संपवला. मग ओठ पुसून म्हणाले, "विदाउट प्रेज्युडिस, मुद्दा बरा हाय."

हे 'विदाउट प्रेज्युडिस' काय प्रकरण आहे ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे अडेल. काका कतारच्या लुसैल शहरातल्या एका बांधकाम कंपनीत काँट्रॅक्ट विभागात होते. शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर, पण विटा-सिमेंटशी संबंध केव्हाच सुटला होता. कंपनीची भांडणं कागदावर लढायची, हे त्यांचं काम. अशा भांडणात तडजोडीसाठी कधीतरी एक पाऊल मागे घ्यावं लागतं. ते घेताना पत्राच्या डोक्यावर हे दोन शब्द लिहितात. म्हणजे आत्ता तुमचं ऐकतोय, पण आमची चूक होती असं कबूल केलंय असं समजू नका. उद्या कोर्टाची पायरी चढलो तर आम्ही आमच्या जागी ठाम. काकांना हे दोन शब्द इतके आवडले की ऑफिस सुटताना ते घरीही घेऊन येऊ लागले. "विदाउट प्रेज्युडिस, सॉरी," असं बायकोला म्हणणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही. लग्न झाल्यापासून बिनशर्त अशी एकही माफी आपल्याला मिळालेली नाही, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

काका आमचे नात्याने कुणी नव्हते. आम्ही नाशिकचे, ते उदगीरचे, आणि दोन्ही घरांना मुऐदर या तिथल्याच वस्तीतल्या एका व्हिलाने शेजारी केलं होतं. व्हिला म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव येतो. आमचा व्हिला म्हणजे मालकाने मध्ये जिप्समच्या भिंती घालून एका घराची केलेली पाच घरं. आमच्या हॉलची आणि काकांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. तिकडे फोडणी पडली की इकडे आम्ही शिंकायचो, आणि इकडे आई-बाबांचं वाजलं की तिकडून निवाडा यायचा, "वहिनी, तुमचा मुद्दा बरोबर हाय, पण पुरावा कमी पडायलाय!" आईने भिंतीला जाड पडदा लावून पाहिला. काकांच्या आवाजापुढे पडद्याचं काही चाललं नाही.

दिसायला काका बुटके, टक्कल पडलेले, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. कुणी ठामपणे काही बोललं की त्यांची डावी भुवई आधी वर जायची आणि मागोमाग तर्जनी. ही भुवई मी लहानपणापासून पाहिली होती. मी तिला घाबरायचे, आणि ती वर जावी म्हणून मुद्दाम काहीतरी ठोकूनही द्यायचे.

अंगणात एकच पत्र्याची शेड होती आणि तिच्या सावलीत एकच गाडी मावायची. उन्हाळ्यात बाहेर उभ्या गाडीच्या दाराला हात लावायची सोय नसते, त्यामुळे त्या सावलीवरून लखनौचे एक गृहस्थ आणि एक केरळी गृहस्थ यांची जुंपली. काकांनी स्वतःच स्वतःला मध्यस्थ नेमलं. अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठेवल्या. एका खुर्चीत बसून त्यांनी लखनौवाल्यांची बाजू मांडली. मग उठले, दुसऱ्या खुर्चीत बसले आणि तेवढ्याच पोटतिडकीने केरळी गृहस्थांची मांडली. दोन्ही बाजू इतक्या पटण्यासारख्या होत्या की लखनौवाले म्हणाले, "भाईसाब, आप ही रखिए," आणि केरळी गृहस्थ म्हणाले, "नो नो, यू टेक." दोघं एकमेकांना आग्रह करत राहिले. त्या उन्हाळ्यात शेडखाली काकांची गाडी उभी असायची.

त्याच गाडीतून मी पुढे ऑफिसला जाऊ लागले. बी.कॉम. झाल्यावर मला काकांच्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी लागली. आलेल्या-गेलेल्या पत्रांवर नंबर टाकायचा आणि फाईल करायची, एवढंच काम. पण काकांची पत्रं माझ्याच्याने नुसती फाईल होईनात. मी ती वाचत बसायचे. कतारमध्ये कधी नव्हे तो पाऊस पडला आणि साइट बुडाली, म्हणून मुदतवाढ मागणारं त्यांचं एक पत्र होतं. ते वाचताना पुढच्या पानावर काय होतंय म्हणून मी जेवायला जायचं विसरले. त्याच आठवड्यात मी घरी जाहीर केलं, मला लॉ करायचंय. कॅनडाला जाऊन.

बाबांना माझं एमबीए हवं होतं. त्यांची इथली नोकरी येत्या उन्हाळ्यात संपत होती आणि आईने नाशिकला न्यायचं सामान बांधायला घेतलं होतं. बाबा म्हणाले, "या वर्षी तुझा नंबर लागला तर जा. नाही लागला तर आमच्याबरोबर नाशिक, एमबीए, आणि लॉचं नाव पुन्हा काढायचं नाही." मी म्हटलं, कबूल. भिंतीपलीकडून आवाज आला, "कबूल म्हणायच्या आधी अटी तरी वाचायच्या गं!"

दुसऱ्या दिवशी गाडीत काकांनी विचारलं, "लॉच का?"

"मला न्यायाची आवड आहे," मी म्हणाले.

"मला बासुंदीची आवड हाय. म्हणून मी आचारी झालो का?" भुवई वर गेली होती. "पुढच्या सीटवर येऊन बस."

पुढची सीट अशरफभाईंची होती. अशरफभाई आमच्याच अकाउंट्समध्ये, मूळ श्रीवर्धनचे. त्यांनी जागा आनंदाने सोडली, कारण मागे झोपता येत होतं. निदान तसं त्यांना वाटलं होतं.

लॉच्या प्रवेशपरीक्षेत कायदा काही नसतो. एक छोटा परिच्छेद असतो, त्यात कुणीतरी काहीतरी ठासून सांगितलेलं असतं, आणि त्या सांगण्यात भोक कुठे आहे ते शोधायचं असतं. काका जन्मभर तेवढंच करत आले होते. त्यांची शिकवण्याची पद्धत मात्र कुठल्या क्लासला परवडणारी नव्हती. ते गाडी चालवायचे, म्हणून प्रश्न मी मोठ्याने वाचायचे. माझे पर्याय वाचून संपायच्या आत ते उत्तर ओरडायचे, "बी!" मग मी भांडायचं. सिग्नल लाल असेपर्यंत मी त्यांच्या उत्तराच्या बाजूने बोलायचं, हिरवा झाला की विरुद्ध बाजूने. "खुर्ची बदल," ते म्हणायचे, आणि मी बसल्या जागी बदलायचे. मुऐदर ते लुसैल रस्त्यावर सकाळी इतकी गर्दी असते की दोन्ही बाजू मांडून वर चहा पिण्याइतका वेळ मिळतो.

अशरफभाईंची झोप अर्थातच गेली. ते सहज म्हणायचे, "आज लय गरम हाय, दुपारी कँटीनला कोण जायचा नाय." लगेच काका माझ्याकडे बघायचे. "सांग पोरी, यांनी काय गृहीत धरलंय?"

"गरम असलं की लोक जेवत नाहीत."

"अजून?"

"कँटीनमध्ये एसी नाही."

"अरे बाबांनो, मी फकत बोललो!" अशरफभाई मागून कळवळायचे. "बाय माझे, तुझी परीक्षा होवंदे, मग मी तोंड उघडीन."

व्हिलाच्या मालकाचा माणूस पाण्याची मोटर दुरुस्त करायला 'बुकरा, इन्शाल्ला' म्हणजे 'उद्या, देवाची इच्छा असेल तर' म्हणून गेला, तेव्हाही काकांनी मला अंगणातच थांबवलं. "या विधानावरून काय निष्पन्न होतं? एक, तो उद्या येईल. दोन, तो परवा येईल. तीन, तो कधीतरी येईल."

"चार, काहीच निष्पन्न होत नाही," मी म्हणाले.

"शाब्बास," काका म्हणाले आणि बादली घेऊन शेजारी पाणी मागायला गेले.

अर्जासोबत स्वतःविषयी एक निबंध द्यायचा असतो. तिथे सुट्टी शुक्रवारी असते; मी तो दोन शुक्रवार खपून लिहिला. पहिल्याच ओळीत अन्यायाविरुद्ध पेटून उठणारं माझं मन होतं. काकांनी वाचला. "कधी पेटलं? कुणी बघितलं?" त्यांनी खिशातलं पेन काढलं. "पुरावा न्हाई ते खोडायचं." खोडता खोडता माझं नाव आणि जन्मगाव राहिलं. मला रडूच आलं. मग ते म्हणाले, "कामं सोडून माझी पत्रं वाचत बसायचीस, ते लिही की. त्याला साक्षीदार हाय, तुझा बॉस." मी ते लिहिलं, आणि मला तो निबंध पहिल्यांदा माझा वाटला.

परीक्षा घरूनच, आमच्या हॉलमध्ये बसून द्यायची होती. लॅपटॉपचा कॅमेरा सुरू, दूर कुठेतरी बसलेला एक पर्यवेक्षक तुमच्यावर नजर ठेवून. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको. त्या वर्षीच्या अर्जांना चालेल अशी हीच एक तारीख उरली होती.

शांततेची जबाबदारी काकांनी घेतली आणि ती एखाद्या प्रोजेक्टसारखी पार पाडली. आई-बाबांना मॉलमध्ये पाठवलं. लखनौवाल्यांच्या मुलांना बागेत. पाण्याच्या टँकरला दुसरी वेळ दिली. मोटर बंद. हिवाळा होता, त्यामुळे एसी तसेही बंदच होते. काकूंना अशरफभाईंच्या बायकोकडे धाडलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, फ्रिज गुरगुरतो म्हणून त्याचाही प्लग काढला. आणि मग सगळं ठीक चाललंय ना यावर लक्ष ठेवायला ते तिथेच स्टूल टाकून बसले, गुपचूप, हाताची घडी घालून.

आमचा व्हिला इतका शांत कधी झालाच नव्हता. आणि तिथेच घात झाला.

पहिले भाग छान गेले. शेवटच्या भागात एक प्रश्न आला, त्यात एक बेकरी होती. याहून जास्त सांगत नाही, प्रश्न बाहेर सांगणं नियमात बसत नाही आणि काकांना ते खपणारही नाही. तर तो प्रश्न मला अडला. आणि अडल्यावर, इतके महिने पुढच्या सीटवर बसून लागलेली सवय, मी तो नकळत ओठांनी वाचायला लागले. पुटपुटत होते, पण त्या शांततेत पुटपुटणंही पुरे होतं.

भिंतीतून आवाज आला, "सी!"

"काहीतरीच काय काका, डी!" मी ओरडले.

"डी कसं काय? तू गृहीत धराय..." इथे पलीकडे वाक्य तुटलं आणि स्टूल पडल्याचा आवाज आला.

स्क्रीनवर ओळ उमटली. खोलीत कोण आहे? मग परीक्षा थांबवल्याची सूचना. मग काहीच नाही.

काका दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी बोललो का?" त्यांनी विचारलं.

"बोललात."

त्यांची तर्जनी अर्धी वर आली आणि तशीच खाली गेली. मला इतका राग आला होता की मी दार लावून घेतलं आणि आई-बाबा येईपर्यंत रडले. या माणसाला गप्प बसणं एवढं एक काम होतं, असं मी आईला म्हणाले. भिंत तीच होती, त्यामुळे ते त्यांनी ऐकलंच असणार. मला ऐकवायचंच होतं.

रविवारी आठवडा सुरू झाला, तेव्हा ऑफिसला जाताना मी मागच्या सीटवर बसले. अशरफभाई पुढे बसले, ताठ, सीटबेल्ट हातात धरून. मोठ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काका समोर बघत हळूच म्हणाले, "सी होतं."

"डी," मी मागून म्हणाले.

प्रश्नावर चर्चा करणं नियमाबाहेर, म्हणून दोघांनाही कारण सांगता येईना. तो सगळा आठवडा असाच गेला. जाताना 'सी', 'डी'. येताना 'सी', 'डी'. अशरफभाईंना हे पार्किंगच्या रांगांचं चाललंय असं वाटत होतं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अरे, मिळेल तिथे लाव ना बाबा गाडी!"

मग मेल आली. परीक्षेत बाहेरून मदत घेतल्याचा संशय आहे. दोघं जण मिळून प्रश्न सोडवत असल्याचं रेकॉर्डिंगवर ऐकू येतं. व्हिडिओवर सुनावणी होईल, आणि ज्याचा आवाज आहे त्याने हजर राहावं. आरोप सिद्ध झाला तर काही वर्षं परीक्षेला बंदी, आणि जिथे जिथे अर्ज केलाय त्या सगळ्या कॉलेजांना तसं कळवणार. बाबांनी मेल वाचली. रागावले नाहीत. "जाऊ दे बेटा, नाशिकलाही चांगली कॉलेजं आहेत," असं इतक्या प्रेमाने म्हणाले की त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

सुनावणीच्या दिवशी काका टाय लावून आमच्या हॉलमध्ये आले. मी त्यांच्याशी अजून धड बोलत नव्हते. काकू आणि आई स्वयंपाकघराच्या दारात, बाबा सोफ्याच्या कडेवर. लॅपटॉपवर दोघं होते, एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक तरुण. विचारत होत्या बाईच.

काकांनी सुरुवात जोरात केली. "आवाज माझा, हेतू नव्हे." गाडी, सिग्नल, खुर्ची बदलणं, जिप्समची भिंत, फ्रिजचा प्लग, सगळं त्यांच्या खणखणीत इंग्रजीत क्रमाने मांडलं. फ्रिजपाशी तो तरुण गालातल्या गालात हसला. मला वाटलं, जमतंय.

मग बाईंनी विचारलं, "म्हणजे गेले काही महिने ती प्रश्न वाचते आणि तुम्ही उत्तर देता?"

"येस, मॅडम."

"आणि तुमची उत्तरं साधारणपणे बरोबर असतात?"

हा प्रश्न कसला आहे ते मला कळलं, म्हणजे काकांना कळलंच असणार. शिकवणाऱ्याचं उत्तर बरोबर असेल, तर पोरीला भिंतीपलीकडून उत्तरं पुरवणारा माणूस आयता सापडला. आणि 'तुमचं उत्तर बरोबर असतं का' या प्रश्नाला काकांनी उभ्या आयुष्यात एकच उत्तर दिलेलं होतं. त्यांची डावी भुवई वर गेली. काकूंनी दारात डोळे मिटून घेतले.

काका माझ्याकडे वळले. ती भुवई सावकाश खाली आली.

"नो, मॅडम," ते म्हणाले. "आय सेड सी. शी सेड डी. आय वॉज राँग." मग घसा खाकरला. "शी इज बेटर दॅन मी. आय हॅड नथिंग टु गिव्ह हर."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले, कळवतो म्हणाल्या. स्क्रीन बंद झाली. काकांनी टाय सैल केला, "पाणी द्या वहिनी," म्हणाले, उभ्याउभ्याच ग्लास रिकामा केला आणि कुणाकडे न बघता घरी गेले.

काकूंनी माझा दंड धरला. "काय म्हणले, ऐकलीस?"

"हो."

"पुढं ते दोन शब्द लावले का?"

मी आठवून पाहिलं. "नाही लावले."

"नाहीच लावले," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या. "माझ्या वाट्याला इतक्या वर्षांत एकदा आलं न्हाई गं हे! दे तुझं नशीब मला जरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं दार उघडलं. अशरफभाई उतरून मागे गेले आणि पहिल्या सिग्नलच्या आत घोरू लागले. काकांनी गाडी चालवली, मी बाहेर बघत राहिले. मोठ्या सिग्नलला मी पुस्तक काढलं आणि वाचायला लागले, मोठ्याने. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझे पर्याय संपेपर्यंत थांबले, मग विचारलं, "तुला काय वाटायलंय?" मला तिथेच रडू आलं असतं, पण सिग्नल हिरवा झाला.

थोड्या दिवसांनी उत्तर आलं. गैरप्रकार आढळला नाही. पुन्हा एकदा परीक्षा देता येईल, आणि तिचे गुण याच वर्षीच्या अर्जांना चालतील. सी बरोबर होतं की डी, ते त्यात नव्हतं. ते कुणालाच सांगत नाहीत.

त्या परीक्षेच्या दिवशी काका गाडी काढून समैस्माला गेले, समुद्रावर. "तिथून माझा आवाज यायचा न्हाई," जाताना म्हणाले. मी म्हटलं, याला पुरावा काय? तर हसले. सोबत काकू आणि चहाचा थर्मास. काकू नंतर सांगत होत्या, की ते वाळूत खुर्ची टाकून बसले आणि दर थोड्या वेळाने "आता दुसरा भाग चालू असंल, आता तिसरा," करत होते. शेजारी गळ टाकून बसलेला एक जण त्यांना म्हणाला, पौर्णिमेला मासे लागत नाहीत. असलं विधान काका सोडणं शक्य नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि चहा ओतून घेतला. माझा फोन गेला तेव्हा थर्मास रिकामा होता. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं. "पुटपुटलीस का?" नाही म्हटलं. "मग मी आता बोलू शकतो," म्हणाले, आणि फोन चालू ठेवूनच त्या गळवाल्याला पौर्णिमेचा पुरावा मागायला गेले.

नंबर लागला. बाबांनी स्वतः माझी बॅग भरली. आई-बाबा नाशिकला गेले, मी इकडे आले. इथे बाहेर बर्फ पडतो आणि वर्गात एखादं वाक्य हवेत सोडलं की प्राध्यापक विचारतात, हे कुठे लिहिलंय? बाकीची मुलं दचकतात. मला घरी आल्यासारखं वाटतं.

परवा मुऐदरला फोन केला. "काका, मी तुमच्यावर लिहितेय."

"लिही. पुराव्याशिवाय लिहू नको."

"त्या सी आणि डीचंही लिहिणारे."

मागे काकूंच्या फोडणीचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "एक सांगू? अजून मला सीच वाटायलंय."

"काका!" मी ओरडलेच. "मग त्या बाईंना चुकलो कशाला म्हणालात? आणि म्हणायचंच होतं, तर ते दोन शब्द तरी लावायचे. तुमचा हक्क राहिला असता."

"ते माझ्या भांडणात लावायचे असतात," काका म्हणाले. "ती केस तुझी होती. लेकरासाठी हरायचं, तर पुरतं हरावं गं." आणि मी काही बोलायच्या आत, "पण होतं सीच."

"डी," मी म्हणाले.